कै. कुमार गंधर्व : आजारपणात सापडलेले काम

अमिरातीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मंडळींच्या बैठकीत एक विषय वरचेवर निघतो, पण कोणी तो फार वेळ चालू देत नाही. तो विषय आजारपणाचा. मुंबईस, ठाण्यास किंवा पनवेलीस माणूस आजारी पडला तर रजा टाकतो, घरी पडून राहतो आणि पुढचे पुढे पाहतो. येथे तसे करता येत नाही. दुबई असो, शारजा असो की अबू धाबी, आमच्यापैकी बहुतेकांचा राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला असतो. तो मिळण्यापूर्वी रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे होतो. पूर्वी क्षय आढळला की माणसाची परत पाठवणी होत असे. २०१६ पासून परवाना नवा करणाऱ्यांना उपचाराच्या अटीवर मुदत मिळू लागली. तरीही दुखणे लांबले, नोकरी सुटली आणि ठराविक मुदतीत दुसरी मिळाली नाही, तर सामान बांधावेच लागते.

पैशाची चिंता तर असतेच. पण आम्ही पाहिले आहे की परत गेलेल्या माणसाला दुसरीच एक गोष्ट अधिक जाचते. पंधरा-वीस वर्षे जो कोणा कंपनीचा फोरमन, अकाउंटंट किंवा नर्स म्हणून ओळखला गेला, त्याला गावी गेल्यावर आपण आता कोण, हा प्रश्न पडतो. घरचे जपतात, शेजारी विचारपूस करतात, पण सकाळी उठून करायचे काय, हे कोणी सांगू शकत नाही.

अबू धाबीच्या सादियात बेटावर २०२३ साली जे सिनेगॉग उघडले, त्यास मोशे बेन मैमोन यांचे नाव दिलेले आहे. रामबाम या नावाने आपण ज्यांना ओळखतो तेच हे. त्यांचा भाऊ दावीद व्यापारासाठी निघाला असता हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याच कमाईवर घर चाले आणि रामबाम अध्ययन करीत. त्या धक्क्याने ते सुमारे वर्षभर अंथरुणास खिळले, आणि उठल्यावर वैद्यकी करून घर चालवू लागले. हे चरित्र आपल्या लोकांस बहुतांशी ठाऊक आहे. म्हणून या खेपेस आम्ही आपल्याच काळातील, आपल्याच भाषेत वावरलेल्या एका थोर पुरुषाची हकिगत वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचे नाव पंडित कुमार गंधर्व. त्यांचे गाणे आवडणारे वाचक पुष्कळ असतील. परंतु ऐन उमेदीत त्यांचे गाणे क्षयाने बंद पाडले होते आणि आज आपण जे गाणे त्यांचे म्हणून ओळखतो ते त्या बंद पडलेल्या वर्षांतून निघाले, हे सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही.

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. त्यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी झाला. घरची भाषा कानडी. परंतु बेळगाव म्हणजे कानडी आणि मराठी यांचे एकत्र नांदणारे घर, आणि पुढे मराठी ही त्यांची रोजच्या व्यवहाराचीच भाषा झाली. वडील गाण्याचे शौकीन होते. घरी गाणे सदा कानांवर पडे. मूल लहान असतानाच लोकांच्या लक्षात आले की त्या वेळच्या नामवंत गवयांची ग्रामोफोनवर ऐकलेली गाणी ते जशीच्या तशी गाऊन दाखवते. हरकती, ताना, थांबण्याच्या जागा, सारे हुबेहूब. एका लिंगायत मठाच्या स्वामींनी सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांस 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली आणि शिवपुत्र हे नाव मागे पडले.

१९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये संगीत परिषद भरली. तिचे चालक प्राध्यापक बी. आर. देवधर होते. अकरा-बारा वर्षांच्या या मुलाने तेथे गाऊन मोठमोठ्या उस्तादांना चकित केले. परंतु नक्कल ही कितीही चांगली असली तरी ती विद्या नव्हे, हे देवधर मास्तरांनी ओळखले. विष्णु दिगंबर पलुसकरांचे हे शिष्य मोठ्या मनाचे होते. अमुकच घराणे खरे, असा त्यांचा हट्ट नव्हता. ऑपेरा हाउसजवळच्या त्यांच्या 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक'मध्ये निरनिराळ्या घराण्यांचे गवई येत, गात आणि आपली विद्या मोकळेपणी सांगत. अशा घरात कुमार राहिले, शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. मैफलींची आमंत्रणे वाढत गेली. वयाच्या विशीत त्यांचे नाव हिंदुस्थानभर झाले होते. पुढील चाळीस वर्षे हा गायक मैफली गाजवणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती.

एप्रिल १९४७ मध्ये त्यांचा विवाह भानुमती यांच्याशी झाला. त्याही देवधरांच्याच शाळेत गाणे शिकत होत्या. लग्नास वर्षही झाले नव्हते तोच कुमारांना क्षय असल्याचे निश्चित झाले.

आजच्या तरुण वाचकांस या शब्दाची धास्ती कळणार नाही. आज क्षयावर सहा महिन्यांचे औषध आहे आणि ते नेमाने घेतले तर बहुतेक रोगी बरे होतात. त्या काळी आपल्याकडे तसे औषध नव्हते. मिरज, पाचगणी अशा ठिकाणी सॅनेटोरियमे होती. तेथे स्वच्छ हवा, पौष्टिक अन्न आणि पूर्ण विश्रांती, एवढ्यावरच सारी भिस्त असे. घरात क्षयाचा रोगी आहे हे लोक लपवून ठेवीत. भांडी वेगळी, खोली वेगळी, आणि मुलामुलींच्या लग्नाच्या बोलण्यांत त्या माणसाचे नावही निघू नये अशी खबरदारी. गायकास क्षय होणे म्हणजे तर सुताराचे हातच जाणे. डॉक्टरांनी कुमारांना गाणे वर्ज्य केले. गाण्याचा प्रयत्न जिवावर बेतेल, अशी ताकीद दिली. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेच्या गावी जावे असाही सल्ला मिळाला, आणि १९४८ च्या आरंभी हे जोडपे माळव्यात देवास येथे राहावयास गेले.

देवास हे इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरील, आग्रा रस्त्यावरचे गाव. पवार घराण्याच्या दोन पात्या येथे राज्य करीत होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे. मराठी घरे पुष्कळ. कवी भा. रा. तांबे यांचा या गावाशी निकटचा संबंध होता, आणि थोर गवई रजबअली खाँ हेही देवासचेच. गावाच्या मध्यावर चामुंडा मातेची टेकडी आहे. तिच्या परिसरात कुमारांचे उरलेले सारे आयुष्य गेले.

पहिली पाच-सहा वर्षे मात्र अंथरुणातच गेली. ज्या मुलाने लहान वयातच गाण्याने मोठमोठ्यांना चकित केले, त्याने चोविसाव्या वर्षी तोंड मिटून पडून राहावयाचे. मैफली नाहीत, शिष्य नाहीत, तंबोरा जवळ असून नसल्यासारखा. मुंबईत दुसरे गवई गात होते, त्यांची नावे पुढे येत होती. अशा वेळी मनुष्य भिंतीकडे तोंड करून दिवस मोजू लागला तर त्यास कोण दोष देईल?

कुमारांचा गळा बंद झाला होता, परंतु कान उघडे होते. खिडकीबाहेर पाखरे बोलत, वारा वाहे, बाजारास जाणारी माणसे जात-येत. घराघरांतून बायकांची गाणी ऐकू येत. माळव्यात लग्न, बाळाचा जन्म, सण, पाऊस, पेरणी, प्रत्येक प्रसंगाची गाणी निराळी. गाणाऱ्या बायकांना राग ठाऊक नव्हते आणि कोणी त्यांना शिकवलेही नव्हते. त्यांच्या चाली चार-पाच सुरांच्या पलीकडे क्वचितच जात, पण त्या इतक्या घट्ट विणलेल्या असत की एक सूर इकडचा तिकडे केला तर सारे विसकटावे. याखेरीज दारावरून जाणारे नाथपंथी जोगी व भिक्षेकरी कबीराची निर्गुण पदे गात. देवासात शीलनाथ महाराजांची धुनी असल्याने अशा लोकांचा राबता तेथे नेहमीचाच होता. त्यांच्या गाण्यात गोडवा कमी आणि धार अधिक. सूर फेकून द्यावा तसा ते लावीत.

मुंबईच्या धावपळीत असे गाणे कानांवर पडले असते तर कुमार ऐकून पुढे गेले असते. येथे पुढे जाण्यासारखे काही नव्हते. तेच गाणे उद्या पुन्हा ऐकावयाचे आणि परवा पुन्हा. ऐकता ऐकता ते विचार करू लागले, चाली टिपून ठेवू लागले, ऐकू येईल न येईल अशा आवाजात गुणगुणू लागले. हळूहळू त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. राग हे कोणा शास्त्रकाराने पोथीत बसून निर्माण केलेले नाहीत. ते लोकांच्या अशाच धुनांतून उगवले आहेत. तसे असेल तर ज्या धुनांतून अजून राग निघालेला नाही, त्यांतून तो आजही निघू शकेल. डॉक्टरांनी ज्यास काम करण्याची मनाई केली होती, त्यास असे आयुष्यभर पुरेल इतके काम अंथरुणात सापडले.

ही गोष्ट आम्हा आखातातल्या लोकांस समजावयास कठीण जाऊ नये. याच किनाऱ्यावर पूर्वी मोती काढणाऱ्या होड्या निघत, आणि त्यांवर 'नह्हाम' नावाचा एक गाणारा मुद्दाम नेमलेला असे. वल्ही मारताना, दोर ओढताना त्याच्या गाण्यावर सारे खलाशी काम करीत. ते मोती आपल्या मुंबईच्या बाजारात येत. जपानच्या कृत्रिम रीतीने वाढवलेल्या मोत्यांनी हा धंदा बसला आणि हजारो बुडे मारणारे बेकार झाले. आज ती गाणी येथील लोक वारसा म्हणून जपतात. काम करणाऱ्या माणसांनी गाइलेली गाणी कोणीतरी नीट कान देऊन ऐकावी लागतात, तरच ती पुढच्या पिढीस मिळतात.

आता भानुमतीबाईंविषयी. कुमारांची कथा सांगताना त्यांचा उल्लेख पुष्कळदा एखाद्या वाक्यात उरकला जातो. तसे करणे आम्हास बरे वाटत नाही. पती आजारी, त्याची कमाई बंद, गाव परके. बाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि घर चालवले. नोकरीवरून आल्यावर रोग्याची शुश्रूषा, पथ्यपाणी, औषध. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या; त्यांच्या गाण्याचे काय झाले असते, हे कोणी विचारलेही नाही. पतीला ऐकण्यास आणि विचार करण्यास जी पाच-सहा वर्षे मिळाली, ती त्यांच्या पगारावर मिळाली. आजारी माणूस नव्या वाटेला लागतो तेव्हा त्याच्यामागे बहुधा असे एक माणूस उभे असते, आणि त्या माणसाचे कष्ट मोजण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट सांगणे अवश्य आहे. कुमार बरे झाले ते जिद्दीने किंवा सुरांच्या प्रभावाने नव्हे, औषधाने. अमेरिकेत रटगर्स येथे मातीतील सूक्ष्म जंतूंचा अभ्यास करणारे सेलमन वॅक्समन हे युक्रेनमधून गेलेले यहुदी गृहस्थ. त्यांच्या प्रयोगशाळेत १९४३ साली त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शाट्झ याने मातीतल्याच एका जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. क्षयावर खरोखर चालणारे हे पहिले औषध. वॅक्समन यांस १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास देवासच्या या रोग्यास ते औषध मिळून गुण येऊ लागला. ज्यांना ते वेळेवर मिळाले नाही असे कितीतरी गुणी लोक त्याच वर्षांत गेले. त्यांची जिद्द कमी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आजारी माणसास, मनात आणशील तर बरा होशील, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९५३ च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत बसले. परंतु पूर्वीचा गवई परत आला नव्हता. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. लांब दमाच्या ताना आणि एका श्वासात मारलेल्या पल्लेदार फेका, यांवर आता भिस्त ठेवणे शक्य नव्हते. ज्यास लहानपणी कोणाचेही गाणे हुबेहूब गाता येई, त्यास आता कोणाचेच गाणे तसे गाता आले नसते. मग त्यांनी काय केले? आहे त्या श्वासाचे गाणे केले. लहान लहान स्वरवाक्ये, मधेच एकदम उंच उडी, आणि दोन वाक्यांमध्ये शांतता. ही शांतता त्यांच्या गाण्यात इतकी बोलकी झाली की दम अपुरा म्हणून ती आली, हे ऐकणारा विसरून जातो. निर्गुणी भजने गाताना जोग्यांचा तो फेकलेला सूर त्यांच्या गळ्यात आला, आणि आजपावेतो हिंदुस्थानात निर्गुणी भजन म्हटले की प्रथम त्यांचेच नाव निघते.

अंथरुणात सुचलेल्या कामाचेही चीज झाले. माळव्याच्या धुनांतून त्यांनी नवे राग बांधले. त्यांस ते धुनउगम राग म्हणत. मालवती, संजारी, लगनगंधार, सहेली तोडी ही त्यांपैकी काही नावे. १९६५ साली त्यांचा 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माळव्याची लोकगीते, वर्षा, हेमंत, वसंत या ऋतूंची गाणी, सूर, कबीर व मीरा यांची पदे, तुकोबांचे अभंग, तांब्यांच्या कविता, बालगंधर्वांची पदे, अशा एकेका विषयावर त्यांनी वेगवेगळे कार्यक्रम बांधले. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ या वर्षी त्यांनी गांधी मल्हार हा राग केला. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकासाठी वाणी जयराम यांच्यासमवेत त्यांनी गायलेले गीत तर रेडिओवर ऐकले नाही असे मराठी घर विरळा.

सर्वांनीच त्यांची वाहवा केली असे मात्र नाही. हे कोणत्या घराण्याचे गाणे, अशी विचारणा झाली. परंपरेला सोडून ते चालतात, विलंबित ख्यालाचे शांत बैठकीचे गाणे त्यांच्याकडे कमी, असे आक्षेप जाणकारांनी घेतले. त्यांतील काही आक्षेपांना अर्थही होता. कुमारांनी आपले काम थांबवले नाही.

दुःखही सरले नव्हते. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई वारल्या. ज्या बाईने मरणाच्या दारातून पतीस ओढून आणले, तिला स्वतःला ते सुख फार थोडी वर्षे लाभले. देवासच्या घरास 'भानुकुल' हे नाव आहे, ते त्यांच्या आठवणीचे. पुढे कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्याही देवधरांकडेच शिकलेल्या. त्यांनी कुमारांस मैफलीत साथ केली आणि स्वतःही गायिका म्हणून मान मिळवला. मुलगा मुकुल शिवपुत्र व मुलगी कलापिनी कोमकळी हे दोघेही गायनाच्याच क्षेत्रात नावारूपास आले.

कुमारांस १९७७ साली पद्मभूषण व १९९० साली पद्मविभूषण हे किताब मिळाले. औषध मिळाले तेव्हापासून ते जवळजवळ चाळीस वर्षे जगले आणि गायले, तेही मुख्यतः एका फुप्फुसावर. प्रकृती सुधारल्यावर मुंबईस परत जाणे त्यांना सहज शक्य होते. मैफली, पैसा, लौकिक सारे तिकडे होते. ते देवासातच राहिले. १२ जानेवारी १९९२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. २०२४ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली.

आता वाचक विचारतील की कुमार गंधर्व हे कुमार गंधर्व होते. आमच्यासारख्या नोकरदारांनी त्यातून काय घ्यावे? प्रश्न रास्त आहे. पाठीच्या दुखण्याने, मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा हृदयाच्या आजाराने अमिरात सोडावी लागलेला प्रत्येक जण नवे राग बांधणार नाही. प्रत्येकास गुण येईलच असेही नाही. पण कुमारांनी त्या वर्षांत केले ते इतकेच की जे गेले त्याच्याकडे पाहत न बसता, जे शिल्लक होते त्यास कामास लावले. गळा गेला होता, कान होते. आमच्यातही कोणाचे हातपाय थकले असतील, पण हिशेब येत असेल; कोणाचे उभे राहणे बंद झाले असेल, पण यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगता येत असेल; कोणास आजीच्या तोंडची जुनी कीर्तने किंवा कोकणातल्या जात्यावरच्या ओव्या पाठ असतील. वीस वर्षांच्या धावपळीत ज्याकडे बघण्यास वेळ झाला नाही, असे काही ना काही प्रत्येकापाशी असते. ते एका दिवसात सापडत नाही. कुमारांसही ते एका दिवसात सापडले नव्हते.

आणि जे धडधाकट आहेत त्यांस आमची एक विनंती आहे. आजारी बांधवाच्या भेटीस जाणे हे आपल्यात पुण्यकर्म मानले आहे, आणि आपण ते करतोही. पण गेल्यावर आपण विचारतो काय? बरे कधी वाटणार, परत कधी जाणार, कंपनीने पैसे दिले का. या प्रश्नांनी तो माणूस पुन्हा गेलेल्या नोकरीपाशीच जाऊन उभा राहतो. पुढच्या खेपेस त्यास हल्ली तो काय ऐकतो, काय वाचतो, कोणास काय शिकवू शकेल, हे विचारावे. मुलांना सोबत न्यावे आणि त्यांना त्याच्यापाशी तासभर बसू द्यावे. घरात जे माणूस त्याची सेवा करीत आहे त्यास त्या तासात थोडी उसंत द्यावी. भानुमतीबाईंना अशी उसंत कोणी दिली होती की नाही, ते चरित्रांत लिहिलेले नाही.